बासष्ट पानांचं विमान

उमेशच्या विमानाचं डावं इंजिन चालू होत नव्हतं, आणि त्याच्या सासूबाई चष्मा पुसून समोर बसल्या होत्या.

विमान जव्हारच्या त्याच्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर होतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर. उमेश मोखाड्याच्या तहसील कचेरीत कारकून होता. रोज जीपने घाट चढून-उतरून घरी आला की चहा घेऊन तो कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि मुंबईहून दिल्लीला, नाहीतर चेन्नईला विमान न्यायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. खऱ्या विमानात तो एकदाही बसला नव्हता, पण "माझे उड्डाणाचे हजार तास झालेत" असं तो कचेरीत सहज सांगून जायचा.

त्या हजार तासांची परीक्षा आज होती. धाकटी मेव्हणी योगिता बंगळूरला बाळंत होणार होती आणि तिला आई जवळ हवी होती. सासूबाईंचे, म्हणजे जयवंतीबाईंचे, दोन्ही गुडघे गेलेले. रेल्वेच्या बाकावर दिवस-रात्र बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून गुरुवारचं विमान ठरलं, सोबतीला उमेश. पण जयवंतीबाईंनी अट घातली.

"उमेशराव, मला आधी ते कसं चालवतात ते दाखवा. बघते, मग सांगते येते का नाही ते."

दोन हजार पाच साल होतं. जयवंतीबाई एकतीस वर्षं नर्स होत्या. मोखाड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर लसीचा डबा खांद्याला लावून हिंडलेल्या. न बघता त्या कशावरच विश्वास ठेवत नसत.

एरवी उमेश विमान सुरू करायचा तेव्हा ते इंजिनं घरघरत धावपट्टीवर तयारच उभं असे. पण सासूबाईंना सगळं अगदी पहिल्यापासून दाखवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. नाशिकच्या एका मित्राने नवं विमान सीडीवर दिलं होतं. अगदी खऱ्यासारखं. इतकं खऱ्यासारखं, की ते पूर्ण बंद स्थितीत यायचं आणि प्रत्येक बटण आपणच दाबायचं. कुठलं बटण कधी, याची बासष्ट पानं त्याने छापून आणली होती. वाचली मात्र सहाच होती.

"काळोख का आहे आत?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"बॅटरी लावायचीय मामी."

बॅटरीचं बटण सापडायला सहा मिनिटं लागली. ते वर, छताला होतं आणि उमेश खाली शोधत होता. मग दिवे लागले, शेपटीतलं छोटं इंजिन सुरू झालं, आणि मोठ्या इंजिनाचा खटका फिरवल्यावर काहीच झालं नाही. त्याने पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला. मानेवर घाम आला.

तेवढ्यात शेजारचे पुंजाकाका आले. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. कुठल्याही बंद गाडीचा वास त्यांना आपोआप यायचा.

"हालंना का?" खुर्ची ओढत त्यांनी विचारलं.

"होतंय, होतंय. नवीन आहे."

"नवीन हाय तं चालाय पायजे ना."

जयवंतीबाईंनी हात पुढे केला. "ते कागद द्या इकडं."

"मामी, ते इंग्रजीत आहे."

"औषधं काय मराठीत यायची का आमच्याकडं?"

त्यांनी कागद घेतले, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"उमेशराव, इथं ब्लीड चालू करा असं लिहिलंय. ब्लीड म्हणजे रक्तस्राव ना?"

"विमानात तसं नसतं मामी. ती हवा असते. त्या हवेवर इंजिन फिरतं."

"मग केली का चालू?"

उमेशने केली नव्हती. त्याने गुपचूप बटण दाबलं आणि डावं इंजिन मोठ्या शिट्टीसारखा आवाज करत फिरू लागलं. मग उजवंही. स्वयंपाकघरातून मंजुषा चहा घेऊन आली आणि नवऱ्याचा चेहरा बघून कप टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवले.

"आता बघा मामी," उमेश म्हणाला आणि जोर वाढवायचा दांडा पुढे ढकलला.

विमान गरजलं. हललं नाही. त्याने दांडा अर्ध्यावर नेला, मग पूर्ण. टेबलावरचा पेला थरथरू लागला. विमान जागेवरच.

"हँडब्रेक काढलास का?" पुंजाकाकांनी विचारलं.

"काका, ही एसटी नाही."

"तं तो लाल दिवा कसला?"

दिवा खरोखरच लाल होता. पार्किंग ब्रेकचा होता. इतका वेळ तोंडघशी पडलेल्या उमेशला आता एकच घाई होती. दांडा पूर्ण पुढे आहे, हे विसरून त्याने ब्रेक काढला. विमानाने अशी उडी घेतली की जयवंतीबाई खुर्चीत मागे रेलल्या. दोन-तीन क्षणांत समोरची विमानतळाची इमारत मोठी मोठी होत गेली, काचा दिसल्या, आणि पडद्यावर अपघात झाल्याची पाटी आली.

जयवंतीबाईंनी वाकून ती पाटी वाचली.

"आत किती माणसं होती?" त्यांनी विचारलं.

"कोणी नव्हतं. रिकामंच होतं."

"बरं झालं."

मंजुषाने नवऱ्याच्या हातात चहा दिला आणि हळूच म्हणाली, "अहो, नुसता उडतानाचा फोटो दाखवला असता तरी आई हो म्हणाली असती." उमेशने चहाचा मोठा घोट घेतला. मनात आलेलं उत्तर पुंजाकाकांसमोर देण्यासारखं नव्हतं.

विमान पुन्हा आलं, ते पुन्हा काळोखात, पहिल्यापासून. आता कागद जयवंतीबाईंनी सोडले नाहीत. पर्समधून बॉलपेन काढून त्या एकेक ओळ वाचू लागल्या. उमेशने "हो" म्हटलं की खूण करायच्या. लसीकरणाच्या दिवशी करायच्या तशीच. वीस मिनिटांत इंजिनं लागली, ब्रेक निघाला, विमान हळूहळू चालू लागलं आणि सरळ जायच्या ऐवजी डावीकडच्या गवतात शिरलं.

उमेशने उजवीकडे वळवलं. ते डावीकडे गेलं. त्याने विमान वळवायची दांडी, जॉयस्टिक, उजवीकडे इतकी वाकवली की तो स्वतःही वाकला. विमान गवतातच गोल फिरू लागलं.

"अलायमेंट गेलीय," पुंजाकाका म्हणाले. "माझ्याकडं वाड्याच्या फेरीला एक गाडी व्हती, ती अशीच. सारखी नाल्याकडं धावायची."

"कॉम्प्युटरला अलायनमेंट नसते काका."

"ती दांडी ना? कालच खाली पडली होती," मंजुषा म्हणाली. "टेबल पुसताना. मी सांगणारच होते."

उमेशने डोळे मिटले. दहापर्यंत मोजायचं त्याने ठरवलं होतं, पण चारलाच उघडले. जॉयस्टिकचा मध्य सरकला होता. म्हणजे अलायनमेंटच गेली होती. पुंजाकाकांकडे न बघता त्याने ती नीट केली. त्यासाठी सगळं बंद करावं लागलं. तिसऱ्यांदा काळोख. तिसऱ्यांदा बॅटरी.

या वेळी जयवंतीबाई कागदाकडे न बघताच बोलत होत्या. बॅटरी. छोटं इंजिन. हवा. डावं. उजवं. त्यांचा आवाज इतका ठाम येत होता की उमेशचा हात आपोआप त्या त्या बटणाकडे जाई. मुंबईच्या धावपट्टीवर विमान सरळ उभं राहिलं. उमेशने दांडा पुढे नेला आणि एक कर्कश भोंगा वाजू लागला.

"आता काय झालं याला?" तो ओरडला.

"पान नऊ, खालून तिसरं," जयवंतीबाई म्हणाल्या. "पंखांच्या मागच्या पट्ट्या. तुम्ही हो म्हणालात, पण हात हलला नव्हता. मी बघितलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"जावयाला किती टोकायचं."

पट्ट्या खाली आल्या, भोंगा थांबला आणि विमान उडालं. खरंच उडालं. उमेशच्या छातीवरचं ओझं इतकं उतरलं की त्याने सगळ्यांकडे वळून बघितलं. पुंजाकाकांनीसुद्धा मान हलवली. दहा-बारा मिनिटांत त्याने विमान उत्तरेला आणून खाली बोट दाखवलं.

"मामी, आता आपण जव्हारवर आहोत."

सगळे पडद्याकडे झुकले. खाली हिरवट रंग होता. पलीकडे तपकिरी रंग होता. ना घर, ना दरी, ना रस्ता.

"आपल्या गावाजवळचा शिरपामाळ कुठंय?" मंजुषाने विचारलं.

"तो त्यांनी घातलेला नाही."

"घाट पण नाय दिला," पुंजाकाका म्हणाले. "मग कसली गाडी चालवायची यात."

उमेशने विमान मुंबईकडे वळवलं. विमानतळ सात-आठ मिनिटांवर राहिला असताना खोलीतला पंखा थांबला. शनिवारी भारनियमनात वीज तीनला जायची, आज अडीचलाच गेली. टेबलाखालचा यूपीएस पीं पीं करू लागला. नवा होता तेव्हा तो विजेविना पंधरा मिनिटं कॉम्प्युटर चालवायचा. आता किती टिकेल, ते त्यालाच माहीत.

"बंद करा हो," मंजुषा म्हणाली. "वीज आल्यावर करा."

"आकाशात असताना बंद कसं करू?"

"खऱ्या विमानात करता येतं का बंद?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग चालवा."

उमेशने चालवलं. पंख्याविना खोली तापली, घाम डोळ्यांत उतरला. विमान उंच होतं, ते त्याने घाईने खाली आणलं. वेग वाढला म्हणून एक घंटा वाजू लागली. यूपीएस वाजत होता. मध्येच आणखी एक टिंगटिंग सुरू झालं.

"हा विमानाचा का त्या डबड्याचा?" पुंजाकाकांनी विचारलं.

"माहीत नाही काका. मला काही माहीत नाही."

धावपट्टी समोर आली. ती एकदा डावीकडे दिसत होती, एकदा उजवीकडे. तेवढ्यात विमानात भरून ठेवलेला एका माणसाचा आवाज इंग्रजीत ठासून काहीतरी सांगू लागला. तेच तेच, पुन्हा पुन्हा. उमेशने दोन्ही हात उचलले.

"मामी, माझ्याच्यानं होत नाही."

"तो चाकं म्हणतोय," जयवंतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही. "पान एकतीस. चाकं काढा. हां. आता हात दांडीवर ठेवा. दुसरीकडं बघू नका, रस्त्याकडं बघा."

उमेशने रस्त्याकडे बघितलं. विमान धप्पकन आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं आणि धावू लागलं. ब्रेक, ब्रेक, असं पुंजाकाका स्वतःचाच उजवा पाय जमिनीवर दाबत म्हणत होते. धावपट्टी संपली, विमान थोडं गवतात गेलं आणि थांबलं. मग यूपीएसने एक लांब सूर काढला आणि पडदा काळा झाला.

"उतरलं का?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"उतरलं." उमेशचा शर्ट पाठीला चिकटला होता. सगळं संपलं, हे त्याला कळून चुकलं होतं. आता योगिताला फोन करून काय सांगायचं, एवढंच उरलं होतं. "मामी, खऱ्या विमानात असं होत नाही. तिथं शिकलेली माणसं असतात. पण तुमचं मन घेत नसेल तर राहू द्या."

जयवंतीबाईंनी बासष्ट पानं टेबलावर आपटून सारखी केली.

"का राहू द्या? मला वाटत होतं, ड्रायवर येतो, बसतो आन् निघतो. हे तं सगळं लिहून ठेवलेलं हाय. आन् तिथं माणसं किती असतात पुढं?"

"दोन. एक वाचतो, एक करतो."

"दोन असतात." त्यांनी बॉलपेन परत पर्समध्ये टाकलं. "आम्ही पाड्यावर एकट्याच वाचायचो आन् एकट्याच करायचो. तरी पोरं जगली. मी येते गुरुवारी."

गुरुवारी त्या लाल काठाची नवी साडी नेसून विमानात खिडकीशी बसल्या. शेजारी उमेश. दार लागलं आणि पायाखालून एकदम करवत चालवल्यासारखा आवाज आला. घर्र, घर्र, थांबून पुन्हा घर्र. उमेश ताठ झाला. हजार तासांत हा आवाज त्याने ऐकला नव्हता.

"मामी, हे आपल्या कागदांत नाही."

"दुसऱ्या कंपनीचं विमान असंल."

त्याने हवाई सुंदरीला बोलावून विचारलं. ती हसून म्हणाली, हे नेहमीचंच आहे. नेहमीचंच म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. मग पंखाचं टोक हललं, ते उमेशने बघितलं. मग आतले दिवे क्षणभर विझले आणि लागले, तेही बघितलं. कशाने काय होतं हे त्याला अर्धं अर्धं ठाऊक होतं, आणि उरलेलं अर्धं तो मनातल्या मनात भरत होता. विमान धावू लागलं तेव्हा त्याने खुर्चीचा हात समजून सासूबाईंचं मनगट पकडलं. ते त्याने बंगळूर येईपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी जव्हारला पुंजाकाकांच्या घरी फोन वाजला. मंजुषा तिथंच वाट बघत बसली होती.

"आई, प्रवास कसा झाला? त्रास नाही ना झाला?"

"काय नाय. छान झाला. खाली ढग बघितले, चहा प्याले. योगिता पण बरी हाय."

"आणि हे?"

"बरे हायेत आता. आत्ताच थोडं बोलायला लागलेत," जयवंतीबाई म्हणाल्या. "येताना रेल्वेनं येतो म्हणतायत."