बागूल अप्पांचे पन्नास वॅट

“शेगडी बंद करा! कोन शे तो, चार अँपिअर खाई राह्यना!”

जानेवारीतल्या सकाळी सात वाजता हा आवाज उठला, तेव्हा सातपूरच्या आमच्या वसाहतीतली झाडं जागी झाली. निफाडपर्यंतच्या द्राक्षांनी दचकून देठ घट्ट धरले असतील. मी मात्र इलेक्ट्रिक शेगडीवरच्या पातेल्यात बोट बुडवून आंघोळीचं पाणी तापलं का बघत होतो. तो चार अँपिअर खाणारा इसम मीच!

ओरडणारे बागूल अप्पा. सटाण्याकडचे, एका कारखान्यात वायरमन, आमच्या आठ खोल्यांच्या बैठ्या रांगेत माझे शेजारी. आठही खोल्यांना खांबावरून एकच जुनी वायर आलेली, आणि त्या वायरीचे अप्पा स्वयंघोषित पालक. त्यांच्या हातात सदा एक टाँग टेस्टर. खेकड्याच्या नांगीसारखं ते मीटर तारेला चावलं की करंट दाखवायचं. रात्री उशाखाली तेच घेऊन झोपतात अशी वदंता होती. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ती पसरवली मीच.

अप्पा जगाला दोनच गोष्टी विचारत. व्होल्ट किती? अँपिअर किती? भागाकार केला की विरोध कळतो, म्हणजे ओहम; गुणाकार केला की ताकद, म्हणजे वॅट. “वॅट काढा, भाऊसाहेब, वॅट!” हे त्यांचं पालुपद. एका लग्नात वरबाप मानपानावरून तासभर गरजत होता. अप्पा माझ्या कानाशी लागले, “व्होल्टेज लई, करंट शून्य. गुणाकार करा. ह्याच्यानं झिरोचा बल्बबी पेटायचा नाही.” आणि खरोखर, जिलबी येताच वरबाप विझला. माझ्या ऑफिसातल्या हेडक्लार्कबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं होतं. “ओहम!” म्हणजे त्या माणसातून कागद पलीकडे जाणंच अशक्य.

तर त्या सकाळी अप्पा थेट माझ्या मोरीत. मी पातेल्यापुढे उभा राहून जमेल तेवढा रुंद झालो.

“सरका, भाऊसाहेब.”

शेगडीच्या वायरीतली एक तार बाजूला काढून त्यांनी तिला नांगी लावली. “चार अँपिअर. लाईनला व्होल्टेज दोनशे. भागा.”

“पन्नास,” मी म्हणालो. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे ते पाच-सहा वेळा पन्नास झालं.

“पन्नास ओहम. आता गुणा.”

“आठशे वॅट. पण अप्पा, दुकानदाराने हजाराची म्हणून दिली!”

“बरोबर दिली. व्होल्टेज पुरं असतं तर हजार दिले असते. तुमच्यासारखे आणखी दोघं शेगडी लावून बसले, म्हणून लाईन दोनशे तीसवरून दोनशेवर बसली. या माझ्यासंगं.”

मला वाटलं, आता फ्यूजच्या खांबाला बांधतात. पण त्यांनी मला टॉवेलासकट तीन नंबरच्या खोलीत नेलं.

तिथे सुनंदा बसली होती. बाविशीची पोर, नवरा पहिल्या पाळीला गेलेला. तिचं बाळंतपण आठव्या महिन्यातच झालं होतं. ऊब सोडू नका, असं बजावून डॉक्टरांनी घरी पाठवलेलं. एरवी तिच्या दारावर पडदा असायचा, त्यामुळे आत काय चाललंय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. जमिनीवर द्राक्षांची लाकडी पेटी, तिच्यात कापूस, कापसात माझ्या तळहाताएवढी मुलगी. पेटीवर दोनशेचा बल्ब टांगलेला, कडेला थर्मामीटर. सारी मांडणी अप्पांची.

बल्ब पिवळट, आजारी दिसत होता.

“पहाटेपासून पाय गार लागतायत हो तिचे,” सुनंदा हलक्या आवाजात म्हणाली.

अप्पांनी बल्बच्या तारेला नांगी लावली. “पाऊण अँपिअर. दोनशे व्होल्ट. गुणा, भाऊसाहेब.”

“दीडशे.”

“बल्ब दोनशेचा शे. व्होल्ट तीस उतरले, तर वॅट पन्नास उतरले. तुम्ही तिघांनी पाणी तापवलं ना, ते ह्या पोरीचे पन्नास वॅट घेऊन.”

मी धावत जाऊन शेगडी उपटली. बाकी दोघांच्याही बंद करायला लावल्या. परत आलो तर बल्ब पांढरा झाला होता, आणि थर्मामीटरवर अप्पांचं नाक टेकलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या रांगेत शेगड्या बंद, इस्त्र्या बंद. अप्पांनी स्वतःच्या घरचा रेडिओसुद्धा मुका केला. खरं तर रेडिओच्या वॅटांनी काही बिघडत नव्हतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी चाळीस दिवस गार पाण्याने आंघोळ केली. तांब्या अंगावर ओतला की निम्मं पाणी वरच गोठून राहायचं. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण रोज सकाळ-संध्याकाळ अप्पा तीन नंबरमध्ये जाऊन गुणाकार करून येत आणि दारातूनच ओरडत, “पुरे दोनशे वॅट!” आठही खोल्यांना मगच चहा गोड लागे.

फाल्गुनात ऊन तापलं. पोर बाळसं धरून रडू लागली, ते रडणंही व्होल्टेज-करंट दोन्ही असलेलं. डॉक्टर म्हणाले, आता पेटी नको. अप्पा बल्ब उतरवायला गेले, स्टूल धरायला मी.

“अप्पा,” मी विचारलं, “एवढ्याशा जिवाला दोनशेच वॅट लागतात, हे तुम्हाला कसं कळलं?”

“हिशेब करून ठेवला होता. लई वर्षांपूर्वी.” ते बल्ब फुंकरीने पुसत होते. “मन्ही पोर बी आठव्या महिन्यातली होती.”

“मग तिलाही असाच बल्ब लावला होता?”

अप्पा स्टुलावरून उतरले. बल्ब सुनंदाच्या हातात दिला आणि तारेची गुंडाळी करू लागले.

“आमना गावमा लाईट नव्हती,” ते म्हणाले.