मेहकरची स्वच्छ रेंज

दूरसंपर्क हा मानवी प्रगतीचा पाया आहे, आणि भालकी तालुक्यातल्या मेहकरात हा पाया पाण्याच्या टाकीवर होता. रेंज तिथंच यायची. संध्याकाळी अर्धं गाव शिडीनं वर चढून एकदमच ओरडायचं आणि एकुलत्या टॉवरवर सगळ्यांच्या आवाजाचा काला व्हायचा.

कंपनीनं यावर शास्त्रीय उपाय काढला. बीदरहून संकर्षण नावाचा इंजिनियर आला आणि त्यानं टॉवरला कृत्रिम बुद्धी जोडली. आता अख्खं बोलणं हवेतून पाठवायला नको. चार शब्द पोचले की बाकीचं यंत्र तुमच्याच आवाजात तयार करणार. गावाचे जुने फोन ऐकून (परवानगी होती, कुणाची, ते विचारू नये) यंत्र शिकलं, की चौऱ्याण्णव टक्के बोलणं म्हणजे ‘जयभीम’ किंवा ‘शरणु’, ‘जेवलास का’ आणि ‘सगळं बरं हाय’. उरलेला खोकला.

इंदिराबाई हरखल्या. गुडघ्यांची शिडीतून सुटका झाली. अंगणात बसल्या बसल्या बंगळूरच्या राजपालचा, म्हणजे लेकाचा, आवाज खणखणीत येऊ लागला.

मग डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. सोबत कुणीतरी आणा म्हणाले. लेकाला कधीच दुखणं न सांगणाऱ्या इंदिराबाईंनी त्या दिवशी धीर केला.

“राजपाल, बरं न्हाई रं. मंगळवारी डोळ्याचं आपरेशन हाय. तू ये.”

इतक्या वर्षांच्या पुराव्यापुढं एका वाक्याचं काय चालणार? यंत्रानं ते खरखर समजून गाळलं आणि पाठवलं, “सगळं बरं हाय रं. येऊ नको.”

“मग बरं. ठेवतो,” राजपाल म्हणाला. (हे जसंच्या तसं पोचलं. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं.)

इंदिराबाईंच्या ते जिव्हारी लागलं. पदर खोचून त्या टाकीवर चढल्या. तिथं रेंज भरपूर, यंत्राला कामच नसे.

“आरं, बरं न्हाई म्हणायले मी. दिसंना झालंय मला.”

आईच्या तोंडून असलं काही राजपालनं जन्मात ऐकलं नव्हतं. लाइनवर दुसरंच कुणीतरी बोलायलंय, असं समजून त्यानं फोन ठेवला आणि कंपनीकडं तक्रार केली. कंपनीनं तत्परतेनं दखल घेतली. संकर्षणनं टाकीची शिडी काढून नेली आणि बिघाड दूर झाल्याचं कळवलं.

मंगळवारी इंदिराबाई एकट्याच बीदरच्या बसमध्ये बसल्या.

वाचकांनी घाबरू नये. तुमच्या फोनला हे यंत्र अजून जोडलेलं नाही. परवा आई काहीतरी सांगत होती आणि तुम्ही मधेच “बरं, ठेवतो” म्हणालात, ते तुमचं तुम्हीच म्हणालात.