सेलेरीची दुसरी जुडी

"मला काढता येत नाही असा आवाज अजून जन्माला यायचाय," असं नाटकांना आवाज पुरवणारा एमिल वोंद्रा शिकागोच्या रेडिओ स्टुडिओत रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. बढाईखोर होता, पण खोटारडा नव्हता. करवंट्या आपटून त्याने घोड्यांच्या पलटणी दौडवल्या होत्या. आणि हाड मोडावं तर एमिलनेच. सेलेरीची, म्हणजे कच्ची खायच्या कुरकुरीत देठांची, ताजी जुडी माइकपाशी धरून त्याने पिळली, की घरोघरच्या बायका विणकाम टाकून आपलाच दंड चाचपायच्या.

त्या बुधवारी मात्र त्याची नोकरीच पणाला लागली. मालिकेचा खर्च उचलणारे साबणवाले प्रूडहॉमसाहेब जातीने ऐकायला आले. आवाजांच्या तबकड्या मिळतात, मग हा माणूस पोसायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुपारी एकचा खेळ पूर्वेकडच्या शहरांसाठी, आणि तोच खेळ चारला पुन्हा पहिल्यापासून, पश्चिम किनाऱ्यासाठी. दोन्ही ऐकून साहेब निकाल देणार होते.

एकचा खेळ झकास झाला. हवालदाराने चोराचा हात पिरगळला, एमिलने सेलेरी पिळली, आणि काचेपलीकडे साहेब पांढरेफटक पडले. एमिल शीळ घालत जेवायला गेला. चारच्या खेळाची जुडी टेबलावर ओल्या फडक्याखाली ठेवलेली होतीच.

चारला लाल दिवा लागला. घोडे दौडले, दार करकरलं. हात पिरगळायला संहितेचं अर्धं पान उरलं तेव्हा एमिलने फडकं उचललं आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. खाली एक पानसुद्धा नव्हतं.

दिग्दर्शिका हॅरिएट त्याच्या कानाशी आली. "साहेबांनी खाल्ली," ती कुजबुजली. "त्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच ठेवलीय. वर मीठ मागितलं."

"आणि तू दिलंस?"

"नाही कशी म्हणू? काहीतरी कर बाबा. चार ओळी उरल्यात."

एमिलने इकडेतिकडे पाहिलं. समोर त्याचं आवाजापुरतं बनवलेलं चाकांवरचं दार होतं. त्याने लाकडी पट्टी फटीत घातली, इशारा मिळताच डोळे मिटले आणि दार दाणकन लावलं. पट्टी सुटून खाली पडली. मोडलं ते एमिलचं बोट.

चोराचं काम करणाऱ्या लेस्टरने ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्याची किंकाळी घशातच अडकली. त्याची उणीव एमिलने भरून काढली. पॅसिफिकपर्यंतच्या साऱ्या गावांनी एमिलची किंकाळी ऐकली. पुढची तीन पानं त्याने मोडलेलं बोट तोंडात कोंबून एका हाताने घोडे दौडवले. एकच करवंटी वाजवता येत असल्यामुळे ते लंगडत गेले.

खेळ संपताच प्रूडहॉमसाहेब खाली आले. एमिलने सुजलेला हात पाठीमागे लपवला.

"वोंद्रा, पहिल्या खेळातलं हाड अस्सल होतं," साहेब म्हणाले. "माझ्या अंगावर काटा आला. आत्ताचं मात्र अगदीच खोटं वाटलं. खरं हाड असं वाजत नाही."

"नाही साहेब," एमिल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हाडाची तबकडीच मागवू या. पण ती किंकाळी! अशी मी जन्मात ऐकली नाही. तेवढ्यासाठी मी तुला ठेवतोय."

एमिलचा जीव भांड्यात पडला. साहेब दारापर्यंत गेले आणि टोपी घालता घालता वळले.

"रोज दोनदा. आणि अगदी अश्शीच हवी हं."