एकोणीस टाळ्या

माझ्या आवाजात साखर आहे, असं लोक म्हणतात. लोक म्हणायचे राहिले तर मी म्हणतो. गेली अकरा वर्षं टीव्हीवरच्या हळूभाऊ नावाच्या कार्टून कासवाला मी आवाज देतोय. "बाळांनो, आपण दात घासूया का? घासूया हं," असं हळूभाऊ म्हणाला की समोरच्या माणसाच्या अंगावर मोरपीस फिरायला हवं. एवढ्या वर्षांत माझं एकही वाक्य कुणाला कापावं लागलेलं नाही. म्हणून चॅनेलच्या बाईंचा निरोप आला तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

निरोप असा होता, की मुलं हल्ली हळूभाऊ लागला की टीव्हीसमोरून उठून जातात. नव्या भागाचा पहिला प्रयोग बाई बारा मुलांना बसवून दाखवणार. मुलं बसली तर कासव राहील, उठली तर कासव बंद. आणि कासव बंद म्हणजे मी बंद. बावन्नाव्या वर्षी मला दुसरं काय येतं? मला फक्त "हं" म्हणता येतं.

आता माझी कामाची पद्धत सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मी घरीच रेकॉर्डिंग करतो, बेडरूममधल्या कपाटात. रजया आणि कोट यांच्यामध्ये उभं राहून दार लावून घेतलं की बाहेरचा एक आवाज आत येत नाही. माइक हँगरला टांगलेला असतो. प्रत्येक वाक्य मी दोनदा म्हणतो. पहिल्यांदा घसा मोकळा करायला, बेंबीच्या देठापासून ओरडून. दुसऱ्यांदा खरं, साखरेचं. खरं वाक्य झालं की एक टाळी वाजवायची. आमच्या रेकॉर्डिस्टला, ज्याला आम्ही कानसेन म्हणतो, संगणकाच्या पडद्यावर त्या टाळीची उंच रेघ दिसते. रेघेच्या आधीचं वाक्य तो ठेवतो, बाकीचं फेकतो. एखादं वाक्य मला फारच आवडलं तर मी टाळी जोरात देतो. म्हणजे दोन रेघा दिसल्या तर जी उंच, तिचं वाक्य घ्यायचं. या पद्धतीमुळे कानसेनला काहीही ऐकावं लागत नाही. तो तसाही ऐकत नाही.

घसा मोकळा करताना मी जे ओरडतो, ते लेखकानं लिहिलेलं नसतं. ते माझ्या आत्याचं असतं. आईबाबा दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे मला वाढवलं आत्यानं, आणि तिनं मला ओरडूनच वाढवलं. "दात घास, नाहीतर ते उद्या सामान बांधून निघून जातील!" "मोजे घाल, त्या पायांनी तुझं काय घोडं मारलंय?" ओरडता ओरडता ती माझे मोजे गरम इस्त्रीखाली धरायची, हे मला मोठा झाल्यावर आठवायला लागलं. लहानपणी फक्त ओरडणं ऐकू यायचं. तर हळूभाऊचं वाक्य आलं की मी आधी आत्याच्या सुरात ते झाडून घ्यायचो. अकरा वर्षं बायको कपाटाबाहेरून ऐकत आलीये. "अहो, तो ओरडणारा बरा वाटतो हो," असं ती एकदा म्हणालीही होती. मी तिला कलेतलं काही कळत नाही म्हणून सोडून दिलं.

त्या दुपारी मी कपाटात शिरलो, दार लावलं, आणि माझ्यामागून एक डास आत आला. वीस वाक्यं होती. पहिलं मी आत्याच्या सुरात ठोकलं. त्या दणक्यानं रजईतला डास उठला आणि थेट माझ्या नाकासमोर. मी दोन्ही हातांनी फाडकन टाळी दिली. हुकला. मग मी साखरेचं वाक्य म्हटलं, तर डास बेटा कोटाच्या बाहीवर शांत बसला. झोपला असावा. मी नेहमीची हलकी टाळी दिली. दुसरं वाक्य, पुन्हा आरडाओरडा, पुन्हा डास, पुन्हा फाडकन! असं एकोणीस वेळा झालं. एकोणिसाव्या टाळीला तो गेला. विसावं वाक्य मी अगदी निवांत म्हटलं, घामानं निथळत, पण विजयी वीरासारखा.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी फाइल पाठवून दिली आणि हाताला तेल लावून बसलो.

कानसेननं उंच रेघा बघितल्या, वाक्यं उचलली, चित्राला चिकटवली. दिग्दर्शक तापानं झोपलेला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी भाग कुणीही न ऐकता थेट प्रयोगाला गेला. सतरंजीवर बारा मुलं, मागे खुर्चीत बाई, त्यांच्या शेजारी नव्या शर्टात मी. बायको आणि कानसेनही आले होते. दिवे मालवताना मी बाईंच्या कानाशी हळूच म्हणालो, "आवाजाकडे लक्ष द्या."

पडद्यावर हळूभाऊ आला. नेहमीसारखा मान डोलावत, डोळे मिचकावत, हसत हसत त्यानं तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून आवाज आला, "दात घास रे मेल्या, नाहीतर ते उद्या सामान बांधून निघून जातील!"

पहिल्यांदा वाटलं, बहुतेक आत्याच आली. हळूभाऊ पुढे चालला, एका फुलाला प्रेमानं कुरवाळलं आणि गरजला, "नाक पूस! ते नाक आहे का नळ? बंद कर ते!" त्याचं तोंड तर त्यानंतरही हलत होतं, कारण साखरेचं वाक्य लांब असतं. मी बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडात कोंबून बसली होती. कानसेनकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता. बाईंकडे बघायची माझी छाती झाली नाही. उठून प्रोजेक्टरची वायर ओढावी असं मनात आलं, पण मधे बारा मुलं बसली होती. अकरा वर्षांची इज्जत एकेक वाक्यानं धुळीला मिळत होती आणि अजून अठरा वाक्यं शिल्लक होती.

मुलांकडे माझं लक्ष जरा उशिरानंच गेलं. एकही मूल उठलं नव्हतं. एकानं घाईघाईनं बाहीला नाक पुसलं. दोघं पोटं धरून आडवी झाली होती. आणि मग विसावं वाक्य आलं, डास मेल्यानंतरचं. हळूभाऊ तोच, चेहरा तोच, पण आवाज माझा, साखरेचा. "बाळांनो, आता आपण शांत झोपूया हं."

मग दोन वेण्यांवाली एक मुलगी सगळ्यांना समजावत म्हणाली, "आता घाबरला तो. त्याची आई आली वाटतं."

काय हशा उठला म्हणता! बाई डोळे पुसत होत्या. दिवे लागल्यावर मी उभा राहिलो, खरं सांगायला तोंड उघडलं, डास, कपाट, टाळ्या, सगळं. बाईंनी मला मधेच थांबवलं. "म्हणजे हा कासवाच्या आत दडलेला दुसराच हळूभाऊ," त्या म्हणाल्या. "एकटा असला की भडकतो, आई आली की साखर. अकरा वर्षं तुम्ही हा कुठे लपवून ठेवला होता?"

"कपाटात," मी म्हणालो. ते खरंच होतं.

हळूभाऊ वाचला. आता प्रत्येक भागात एकोणीस वाक्यं भडकभाऊची असतात आणि शेवटचं एक हळूभाऊचं. माझ्या साखरेला एवढीच जागा उरली आहे, पण तक्रार कुठल्या तोंडानं करू? कानसेननं ऐकलं नाही म्हणून मी त्याला पेढे द्यायचं ठरवलं, तर तो म्हणाला, कशाबद्दल? बायकोला मी रीतसर सांगितलं, तुला कलेतलं कळतं. तिनं कपाटातून टॉवेल काढून घेतला आणि म्हणाली, माहितीये मला. डासाचे आभार मानायचे राहिलेच. त्याला मीच मारलं होतं.

राहिली आत्या. तिचंच सगळं उचलून मी पोट भरत होतो, आणि तिनं ओळखलं तर तिला काय वाटेल, या धास्तीनं भाग टीव्हीवर लागल्यावर मी आठवडाभर फोन केला नाही. शेवटी धीर करून केला. आभार मानायचे, सगळं कबूल करायचं, असं कागदावर लिहून घेतलं होतं.

"बघितलं तुझं ते कासव," आत्याच सुरू झाली. "छान आहे. तो बोलतो ना खणखणीत, तो मला आवडला. एक शब्द वावगा नाही. त्याला कुणीतरी नीट वाढवलेलं दिसतंय."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझा घसा ओरडूनही मोकळा झाला नसता. "हो आत्या," मी कसंबसं म्हणालो. "फार नीट वाढवलंय. तो जन्मभर विसरणार नाही."

"पण तो शेवटी गुळगुळीत बोलणारा कोण रे? त्याला काढा म्हणावं. मला डुलकीच लागली." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आणि तू रे? तुझं काय काम असतं त्यात?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मी टाळ्या वाजवतो, आत्या."

"बरं आहे," आत्या म्हणाली. "जमेल ते करावं. मोजे घातलेस का?"