पांढऱ्या शेणाचे महाराज

एका जंगलात, मुलांनो, भुजंगराव नावाचे एक गवा राहत होते. अंगाने डोंगर, पोटाने नाजूक. रवंथ करणाऱ्याचं खाल्लेलं वर येणारच, पण यांचं जळजळत वर यायचं.

ते साळिंदर डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी त्यांना बादलीभर पांढरं, खडूच्या चवीचं औषध पाजलं आणि पोटाचे एक्स-रे काढले.

"हे बेरियम," बाई म्हणाल्या. "याने आतली वाट फोटोत उठून दिसते. रक्तात जात नाही. आतड्यातून सरकत मागच्या दाराने निघून जातं. दोन-तीन दिवस शेण पांढरं होईल, घाबरू नका. पाणी मात्र भरपूर प्या, नाहीतर आतच घट्ट बसेल."

"आणि माझं दुखणं?"

"हावरेपणा. सावकाश चावा."

दुसऱ्या दिवशी भुजंगरावांनी ओढ्याकाठी शेण टाकलं. पांढरंशुभ्र! सशाने ते पाहून हात जोडले. दुपारपर्यंत रांग लागली. संध्याकाळी कोल्ह्याने तिथे झेंडा रोवला आणि तो ट्रस्टचा अध्यक्ष झाला.

"अहो, औषध आहे ते!" भुजंगराव म्हणाले.

"काय ही नम्रता!" म्हणत हरिणी रडल्या.

भुजंगरावांना आजवर कोणी साधा नमस्कार केला नव्हता. ते गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी शेणाला हिरवी झाक आली. कोल्हा कानाशी लागला. "महाराज, रंग उतरतोय. भक्तांना काय सांगू?"

महाराजांनी पाणी पिणं सोडलं. आत उरलंय ते पुरवून पुरवून काढू, असा त्यांचा बेत होता.

आतड्यांना तो कळला नाही. बेरियमचा दगड झाला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. चार दिवस काहीच बाहेर पडेना.

"महाराजांनी मौन धरलंय," कोल्ह्याने जाहीर केलं. गर्दी दुप्पट झाली.

गर्दीतून एक म्हातारी तरस पुढे आली. "माझं तर जन्मापासून पांढरंच आहे. मी हाडं खाते."

"आजी, तुमची ती घाण," कोल्हा म्हणाला. "रांगेत या."

शेवटी महाराज कळवळून ओरडले, "बाईंना बोलवा रे! मेलो!"

बाई धावत आल्या. त्यांनी एनिमा दिला. "मागे कोणी उभं राहू नका," त्या भक्तांना म्हणाल्या.

भक्तांनी पुढे होऊन ओंजळी पसरल्या.

भुजंगराव वाचले. अर्धा ओढा प्यायले. दोन दिवसांनी त्यांचं शेण नेहमीसारखं हिरवंगार पडलं आणि काठावर चिटपाखरूही उरलं नाही. पोट हलकं झालं होतं. मन मात्र जड.

त्याच सकाळी कोल्हा बादली घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला.

"पोटात काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"पोटात काही नाही, बाई. महाराजांची जागा रिकामी झालीय."

तात्पर्य: ज्याचं पोट रोज साफ होतं, त्याला कोणी महाराज म्हणत नाही.