बिनपावतीची सायकल

जपूनरावांनी सायकलची पावती घेतली नाही, आणि हा गाढवपणा त्यांनी पूर्ण विचारांती केला. शाळेच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं पुस्तकं सांभाळलेला हा माणूस काडेपेटीचीसुद्धा पावती मागायचा. म्हणून तर शिक्षकांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. पण ती जुनी काळी सायकल भंगारवाला किलोवर विकत होता. पावती मागावी, तर माल भारी आहे असा त्याला संशय यायचा. त्यापेक्षा मुकाट्याने वजन करून घेतलेलं बरं!

नाक्यावरच्या सायकल-मिस्त्रीने ती उलटी केली, पायडलच्या दांड्याखालची माती नखाने खरवडून आकडा वाचला, ब्रेक ओढून पाहिले. वायर नव्हती, जुन्या पद्धतीच्या सळ्या होत्या. मग मडगार्डावरची बारीक सोनेरी रेघ अंगठ्याने पुसली.

"साठ-पासष्ट वर्षांची तरी आहे, साहेब. आणि रंग मूळचा! हिला रंगवायचं मनातसुद्धा आणू नका. सगळे पैसे ह्या रेघेचे. नवी मोटरसायकल येईल एवढे मोजणारे वेडे आहेत, मी गाठ घालून देतो. कुणाची म्हणायची?"

"आजोबांची," जपूनराव म्हणाले. भंगारातली म्हणायची लाज वाटली.

"आजोबा पोलिसात होते?"

"का हो?"

मिस्त्रीने सीट खालून दाखवली. पत्र्यावर बिल्ला नंबर ठोकलेला होता. "तुमच्या खाली नवे हवालदार राहायला आलेत ना? सामान हलवताना त्यांच्या वडिलांची सायकल चोरीला गेली म्हणे. वडीलही पोलिसातच होते."

 जपूनराव धावत भंगारवाल्याकडे गेले, तर गाडीसकट तो पसार. मग सायकल गोणपाटात गुंडाळून, श्वास रोखून, हवालदारांच्या दारावरून त्यांनी ती जिना चढवली आणि न्हाणीघरात लपवली.

"अहो, हिच्यासमोर आंघोळ करायची?" बायको म्हणाली.

"हळू बोल! ती चोरीची आहे."

"तुम्ही चोरलीत? तुम्ही?" तिच्या आवाजात भीतीपेक्षा कौतुकच जास्त होतं.

दोन दिवस जपूनरावांना घास गिळेना. टॉवेल ओढताना बायकोचा हात घंटीला लागला, तर ते भाजीच्या पिशवीसकट खाली बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात हवालदार. आत आले, स्वतःच कडी लावली.

"सायकल कुठाय? मिस्त्रीनं सांगितलंय मला."

"साहेब, मी विकत घेतलीय! पावती नाही, पण आईशप्पथ..."

"ओरडू नका हो!" हवालदारांनी कपाळ पुसलं.  "आई जिन्यात बसलीय. सायकल मीच विकली भंगारात. नव्या घरात जागा कुठाय? पण आईनं विचारलं आणि मी घाबरून गेलो. चोरीला गेली म्हणालो. तर ती म्हणाली, पोलीस आहेस ना, लिही तक्रार! चौकीत येऊन उभी राहिली, सही होईपर्यंत. आता सायकल सापडली की चोर दाखवायला लागेल. एक तर तुम्ही, नाहीतर मी."

"मग?"

"रंगवा हिला. हात जोडतो."

"अहो, रंगवली तर मोटरसायकल जाते माझी!"

"नाही रंगवली तर नोकरी जाते माझी. आणि त्याआधी चोर म्हणून तुम्ही जाल, सवयीनं तेच होतं आमच्याकडे."

हे पटण्यासारखं होतं. खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग निघाला. जपूनरावांनी डोळे मिटून सोनेरी रेघेवरून ब्रश फिरवला. हवालदारांनी तर भीतीच्या भरात सीट, सळ्या, घंटी, काही सोडलं नाही.

सकाळी सायकल खाली उतरवताना चाक पायरीवर आपटलं आणि घंटी वाजली. रंगामुळे आवाज पडसं झाल्यासारखा होता. तरीही जिन्यात पुन्हा येऊन बसलेल्या म्हातारीने मान वर केली.

"ह्यांचीच घंटी."

हवालदार भिंतीला चिकटले. जपूनरावांनी दोन्ही हात वर केले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"गल्लीच्या तोंडाशी ही वाजली की मी हातातलं टाकून चुलीकडे पळायचे," म्हातारी म्हणाली. "हा तर पलंगाखाली जायचा. चाळीस वर्षं! ही गेली तेव्हा चोराला मनातल्या मनात दुवा दिला मी."

"आई! मग तक्रार कशाला लिहायला लावलीस?"

"तू किती रडवेला झाला होतास रे! म्हटलं, बापाची आठवण म्हणून जीव असेल तुझा तिच्यावर."

तिने पुढे वाकून एकदा स्वतःच्या हाताने घंटी वाजवली. हवालदार खाडकन ताठ उभे राहिले. ती खुदकन हसली आणि जपूनरावांकडे वळली.

"ठेवा तुम्हीच. मागे घेते मी तक्रार. फक्त ते हिरवं कशाला फासलंत हो? एक ती सोनेरी रेघ तेवढी देखणी होती मेलीची."