पाणी तपासनीसाची जीभ

कोणतीही गोष्ट नेमाने, वर्षभर आणि नोंदवहीत केली की तिला व्यसन म्हणत नाहीत, अभ्यास म्हणतात. नगरपालिकेच्या पाणी तपासनीसाला हे सत्य चाळिसाव्या वाढदिवशी उमगले. रोज एक नवी बिअर, सलग तीनशे पासष्ट दिवस, अशी मोहीम त्याने त्याच दिवशी जाहीर केली.

आधी घरची व्यवस्था लागली. (बायकोचे मत विचारण्यात आले; नोंदवण्यात आले नाही.) स्वयंपाकघरातला वरचा कप्पा बाटल्यांसाठी संपादित झाला आणि तिथल्या डब्यांचे पुनर्वसन जमिनीवर झाले. दुसरीतल्या लेकीची पाण्याची बाटली फ्रिजच्या दारातून उठवली गेली. नियमही झाले: एकदा चाखलेली बिअर पुन्हा नाही, पहिल्या घोटाआधी तीनदा हुंगायचे, आणि त्या वेळी घरात कोणी कांदा चिरायचा नाही. मग शंभर शब्दांचा अभिप्राय फोनवरून जगाला कळवायचा.

जगाने त्याला डोक्यावर घेतले. शंभराव्या दिवशी त्याचे अकरा हजार वाचक होते. एका बिअरमध्ये त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याची छटा सापडली, दुसरीत निवृत्त मुख्याध्यापकांच्या कपाटाची. अकरा हजारांपैकी एकानेही असले कपाट हुंगलेले नव्हते, पण पटले सगळ्यांना.

एवढ्या व्यापातून नोकरीला वेळ काढणे सोपे नव्हते. रोज गावातल्या सहा ठिकाणचे पाणी आणून त्याचा रंग, वास आणि चव तपासायची, असे त्याचे काम. पण जिभेवर दिवसा भलते संस्कार नकोत म्हणून त्याने पाण्याला तोंड लावणे सोडले, नाकाला सक्तीची रजा दिली आणि 'समाधानकारक' असा शिक्काच बनवून घेतला. (दररोज चाळीस मिनिटांची बचत.) तक्ता पालिकेच्या दारातल्या फलकावर न चुकता लागत असे. तो वाचल्याची नोंद कुठेही नाही.

दोनशे विसाव्या दिवशी बायको म्हणाली, नळाच्या पाण्याला वास येतोय. तक्रार लेखी हवी, असे त्याने सांगितले. तिने लिहून दिली. कार्यालयात त्याने त्या तक्रारीवर आवक क्रमांक टाकला, ती स्वतःकडेच पाठवली आणि नमुना समाधानकारक असल्याचे लेखी उत्तर घरी आणून दिले. बायको निमूटपणे पाणी उकळू लागली. शाळेतल्या टाकीचे पाणी मात्र कोणी उकळत नव्हते.

दोनशे चाळिसाव्या दिवशी लेक दवाखान्यात होती. तिच्या वर्गातली आणखी एकोणीस मुले शेजारच्या खाटांवर. संध्याकाळी तो त्या दिवशीची बाटली पिशवीत घालून पोहोचला. बायकोने शाळेतून आणलेल्या पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला.

"अहो, एवढं एक बघून सांगा."

त्याने सवयीने तीनदा हुंगले. असे तयार नाक गावात दुसरे नव्हते.

"गटाराचं आहे."

"किती दिवसांपासून?"

त्याने पुन्हा हुंगले. "वीस," तो म्हणाला. लेकीच्या हातातली सुई बघवेना म्हणून तो सलाइनच्या थेंबांकडे बघत बसला.

तिथेच बसून त्याने फोनवर, नेहमीच्या वाचकांसाठी, आयुष्यातला पहिला खरा अहवाल लिहिला. आज बिअर नाही, नळाचे पाणी. रंग पिवळसर, वास मैल्याचा, वीस दिवस जुना. दोष माझा. माझी मुलगी दवाखान्यात आहे. कोणीही पिऊ नका.

तासाभरात दोन हजार अंगठे आले. भाषा नेहमीसारखीच खुमासदार असल्याचे बहुतेकांनी कळवले. चाळीस जणांनी ही कोणत्या दुकानात मिळते, असे विचारले, आणि एकाने दिवस चुकवल्याबद्दल निषेध नोंदवला.

लेकीचे कसे आहे, असे कोणी विचारले नाही. तुम्हीही अजून विचारलेले नाही. चाळीस जणांचे वाचून आधी हसून घेतलेत.